दप्तरातले हत्यार

माझी पुतणी अमेरिकेत असते, हे इथल्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. तिच्या मुलीच्या शाळेत दर काही महिन्यांनी एक कवायत होते. आपली हातपाय हलवायची कवायत नव्हे. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरला तर काय करायचे, त्याची. दिवे बंद, दाराला कडी, सगळी पोरे एका कोपऱ्यात, तोंडातून आवाज नाही. मुलगी आठ वर्षांची आहे. पुतणीने फोनवर विचारले, "काका, तुमच्या शाळेत होता का हो असा नियम, हत्यार आणू नये म्हणून?"

मी म्हटले, अगं, आमच्या भिंतीवर नियमांची पाटी होती. पायताणे बाहेर काढा, हजेरीच्या वेळी बोलू नका, भिंतीवर शाई उडवू नका. हत्याराचे नाव त्यात नव्हते.

फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. इतिहास शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे खाज गप्प बसू देत नाही. मग कायद्याची पुस्तके काढली, जुनी टिपणे काढली. जे हाती लागले ते मांडतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात दप्तरापासूनच करू. माझ्या आजोबांच्या वेळी बोरूने लिहीत. बोरू छिलायला चाकू लागतो, तेव्हा पोरांच्या सामानात चाकू असायचाच. आज एखाद्या मुलाच्या दप्तरात तसला चाकू निघाला तर पालकांना बोलावणे जाईल. टाक-दौत आली आणि चाकू गेला, त्याच्या जागी टाकाचे टोकदार पोलादी निब आले. आमच्या वेळी शिसपेन्सिलीला टोक करायला वडिलांनी दाढी करून टाकलेले अर्धे पाते असे, कागदाच्या पुडीत गुंडाळून. पुढे कंपासपेटी आली. तिच्यातला कर्कटक भूमितीत किती वापरला गेला ते सांगणे कठीण, पण बाकावर नावे कोरायला आणि पुढच्याच्या पाठीत टोचायला भरपूर वापरला गेला. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोदच्या बाजूला नोकरीत होतो तेव्हा शेतातून परस्पर शाळेत येणाऱ्या पोरांजवळ खुरपे असे, विळा असे. शाळा सुटल्यावर बकरीला चारा न्यायचा असे ना! खिशात गलोल. डोंगरातल्या वस्त्यांवर भिल्ल, कोरकू घरांत तिरकमठा खुंटीला टांगलेला असे. ही सगळी हत्यारे आहेत असे कोणाच्या डोक्यातही येत नसे.

आता गंमत पाहा. यातल्या तिरकमठ्याला मात्र एके काळी सरकारने कायद्याने हत्यार ठरवले होते.

१८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी ठिकठिकाणी लोकांची शस्त्रे गोळा केली. १८६० साली एक कायदा झाला, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत पक्के काम झाले. 'इंडियन आर्म्स ॲक्ट', १८७८ चा अकरावा कायदा. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाही त्याच वर्षीचा. जीभ आणि हात, दोन्हींचा बंदोबस्त एकाच वर्षात. या कायद्यात शस्त्र म्हणजे काय याची यादी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण, शिवाय तोफा. तोफेपासून तिरकमठ्यापर्यंत सगळे एका ओळीत! परवान्याची कटकट होती ती मात्र आपल्या लोकांना, गोऱ्यांना सूट. हा उघड वर्णभेद नियमांतून निघाला तो पहिल्या महायुद्धानंतर.

आपल्या बुलडाण्याची गोष्ट थोडी निराळी. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. मालकी निजामाची, अंमल इंग्रजांचा. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टाच करून घेतला. आपण कोणाच्या राज्यात राहतो हे गावातल्या माणसाला सांगता येत नसे, पण बंदुकीचा परवाना हवा असेल तर डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतच जावे लागते, हे बरोबर ठाऊक असे.

माझा मुद्दा असा की या सगळ्यात मुलांच्या जिवाची काळजी कुठेही नाही. भीती आहे ती राज्याला. पोरांकडून, आणि पोरांच्या मास्तरांकडूनही.

भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा. आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून जी संस्था आहे, तिची पुण्यातली मूळ शाळा काढणाऱ्यांत वासुदेव बळवंत फडके होते. लष्कराच्या हिशेब खात्यातला कारकून, शाळा काढणारा, आणि तोच माणूस तरुणांना लाठी-तलवार शिकवतो. कायदा झाला १८७८ ला आणि फडक्यांनी दंड थोपटले १८७९ ला. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पकडले गेले, आणि १८८३ च्या फेब्रुवारीत एडनच्या तुरुंगात वारले. शाळा मात्र राहिली. पुढे कितीतरी पिढ्या तिथे बाराखडी शिकल्या.

१९०७ साली रिस्ले परिपत्रक निघाले. हर्बर्ट रिस्ले हा हिंदुस्थान सरकारचा गृह खात्याचा सचिव. जातींची मोजदाद करणारा म्हणून इतिहासाच्या लोकांना माहीत असतो, तोच. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी राजकीय चळवळीपासून दूर राहावे, नाही तर शाळेचे अनुदान जाईल, असा त्याचा रोख. बंगालमध्ये १९०५ साली कार्लाइल परिपत्रक निघालेच होते. या दोन्ही कागदांत पिस्तुलाचा विषय नाही. सभा, मिरवणूक, वंदे मातरम् म्हणणे, याच गोष्टी सरकारला हत्यारासारख्या वाटत होत्या. आणि परिपत्रकाने काय थांबले? दोनच वर्षांत, २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा अनंत कान्हेरे १८ वर्षांचा, औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) चित्रकला शिकणारा विद्यार्थी. ब्राउनिंग पिस्तुले सावरकरांनी लंडनहून पाठवलेली, पेटीच्या चोरकप्प्यातून आलेली. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. औरंगाबाद म्हणजे आपल्या देऊळगावराजापासून जालन्याच्या पलीकडे. आमच्या लहानपणी हे नाव फार हळू आवाजात घेत नसत, पण मोठ्यानेही घेत नसत.

पण शाळा-कॉलेजच्या आवारात, विद्येच्या घरात पिस्तूल निघाले ते पुण्याला. ही हकीकत नीट सांगतो, कारण नव्या पिढीला ती ठाऊक नसते.

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मोठी दंगल झाली आणि इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा पुकारला. पुढे खटला होऊन मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिले. (१२ जानेवारी म्हटले की आपल्याला सिंदखेडराजा आणि जिजाऊंची जयंती आठवते. सोलापूरकरांना हे चौघे आठवतात.) त्या वेळी मुंबई सरकारात गृह खाते सांभाळणारे अर्नेस्ट हॉटसन १९३१ च्या उन्हाळ्यात हंगामी गव्हर्नर झाले. २२ जुलै १९३१ ला ते फर्ग्युसन कॉलेज पाहायला गेले. पाहुणे म्हणून, कॉलेजच्या आमंत्रणाने. वाडिया ग्रंथालयात पुस्तके पाहत असताना कॉलेजातलाच एक विद्यार्थी, वासुदेव बळवंत गोगटे, पुढे झाला आणि अगदी जवळून त्याने गोळ्या झाडल्या. नावही पाहा, वासुदेव बळवंत! एक गोळी छातीवर लागली ती खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर. हॉटसन वाचले. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. पुढे लोक त्यांना 'हॉटसन गोगटे' म्हणूनच ओळखू लागले, आणि स्वातंत्र्यानंतर ते पुण्याचे महापौर झाले.

मी ही गोष्ट वर्गात सांगत असे तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सर, मग त्यांनी पिस्तूल आत नेले कसे?" मुलांना नेहमी युक्तीत रस. नेले कसे याचे उत्तर सोपे आहे. ग्रंथालयाच्या दारात विद्यार्थ्याचा खिसा तपासावा ही कल्पनाच त्या काळी कोणाला सुचत नव्हती. गव्हर्नर आले असतानाही नाही. कॉलेज म्हणजे आपलेच घर, तिथे कोण काय आणणार? मला विचाराल तर या हकिकतीत पिस्तुलाइतकाच महत्त्वाचा तो न तपासलेला खिसा आहे. गोगट्यांना हुतात्म्यांचा सूड घ्यायचा होता आणि त्यांच्या धाडसाबद्दल दुमत नाही. पण पुस्तकांच्या कपाटांमध्ये, कॉलेजने बोलावलेल्या पाहुण्यावर गोळी झाडली जाणे हे मला शिक्षक म्हणून कधी पचले नाही. वर्गात मी हे बोलत असे. काही पालकांना आवडत नसे. असो.

याच्या पुढची गंमत फार कोणी सांगत नाही. हॉटसनवर गोळी झाडली गेली १९३१ ला. पुढच्याच वर्षी, १९३२ ला, त्याच पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल निघाले. १९३७ ला नागपूरच्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंज्यांनी नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल काढले. म्हणजे विद्यार्थ्याच्या खिशातल्या पिस्तुलाची सरकारला धास्ती, पण रांगेत उभ्या केलेल्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर रायफल असली तर चालते. फौजेला अधिकारी लागतात ना!

आणि आपल्या लोकांनी काय केले? शस्त्राचा व्यायाम केला. लेझीम आज आपण पंधरा ऑगस्टला मुलींच्या हातात पाहतो ती खुळखुळणारी. मूळची लेझीम म्हणजे लोखंडी साखळी लावलेले धनुष्य, धनुर्धराच्या दंडात ताकद यावी म्हणून ओढायचे. धनुष्य कायद्याच्या यादीत गेले आणि त्याचे हे साखळीचे भावंड शाळेच्या पटांगणात आले. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. लाठी, मल्लखांब, लेझीम. त्यांच्या चमूने १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन प्रात्यक्षिके केली. वऱ्हाडातल्या शाळांत व्यायाम शिकवणारे कितीतरी शिक्षक तिथूनच तयार होऊन आले. शाळेत लाठी शिकवायची, पण ती 'व्यायाम' म्हणून. हत्यार म्हटले की परवाना, व्यायाम म्हटले की शाबासकी.

स्वातंत्र्य आले तेव्हा एक मोठा प्रश्न उघडा पडला. इतकी वर्षे आपणच म्हणत होतो की शस्त्रबंदी हा अपमान आहे. काँग्रेस सुरुवातीपासून या कायद्याविरुद्ध ठराव करी. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत ही एक होती. हो, गांधीजींनीच. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा असे स्पष्ट म्हटले आहे. मग घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत उठले, आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले, आणि म्हणाले की तो हक्क राज्यघटनेत घाला. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि सूचना फेटाळली गेली. आज आपल्या घटनेत कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. पुतणीच्या मुलीची ती कवायत आणि आपली नियमांची साधी पाटी यांच्यातला फरक मला तरी या एका शब्दात दिसतो. विनाशस्त्र. बाबासाहेबांचे आपल्यावर जे उपकार आहेत त्यांत हाही एक मोजावा.

नवा शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातली व्याख्या वाचताना मला बरे वाटले, कारण ती करणाऱ्याने खेडे पाहिलेले असावे. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठीच असलेल्या वस्तू, म्हणजे लाठी किंवा हातातली साधी काठी वगैरे, शस्त्रात मोडत नाहीत. ज्यांचा खेळण्यापलीकडे काही उपयोग होत नाही अशी खेळणीही नाहीत. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांचे खुरपे सुटले, विळा सुटला आणि दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूलही सुटले. धनुष्यबाणाचे नाव यादीतून गेले. १९६२ च्या नियमांत धारदार हत्यारांना माप लावले होते, पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असले तर ते शस्त्र, पण तेही शेतीचे वा घरकामाचे नसेल तर. (ही पट्टी लावली तर २०२४ साली आपल्या राज्याने 'राज्यशस्त्र' म्हणून जाहीर केलेला दांडपट्टा कितीतरी बाहेर जातो, आणि शिवजयंतीला शाळेची मुले तो फिरवून दाखवतात. आपण सगळेच टाळ्या वाजवतो.)

शिखांचे कृपाण ही आणखी एक बाजू. आपल्या घटनेने कलम २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे, त्यामुळे नांदेडसारख्या ठिकाणी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. कॅनडात क्वेबेक प्रांतात मात्र एका मुलाचे कृपाण २००१ साली शाळेच्या आवारात खाली पडले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ मध्ये निकाल आला. कृपाण घालू द्या, पण म्यानात, कापडात शिवून आणि कपड्यांच्या आत. पाच वर्षे आणि एवढे वकील लागले. आपल्याकडचा एखादा मुख्याध्यापक हे दहा मिनिटांत ठरवून मोकळा झाला असता.

शाळा-कॉलेजांत सरकारने स्वतः बंदूक आणली ती एनसीसीची. १९४८ चा कायदा. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, १९६८ ला पुन्हा ऐच्छिक झाली. मी त्या सक्तीच्या शेवटच्या काळातला. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये एनसीसीच्या छात्राला कर्तव्यावर असताना सूट आहे, म्हणजे ज्या वयात आम्हाला दुकानातून फटाके आणायलाही घरी विचारावे लागे, त्या वयात सरकार आमच्या हातात रायफल देत होते. कवायतीला थ्री-नॉट-थ्री, खांदा सोलून निघेल अशी जड. नेमबाजीला पॉइंट टू-टू. आणि त्या बंदुकांची जी व्यवस्था होती ती मला आजही पाठ आहे. कोतीत कुलूप. काढताना नंबर लिहायचा, ठेवताना नंबर लिहायचा. नेमबाजीच्या दिवशी पाच गोळ्या मोजून द्यायच्या आणि पाच रिकामी खोकी मोजून परत घ्यायची. एक खोके गवतात हरवले तर उस्ताद सगळ्या तुकडीला रांगत शोधायला लावी. सापडल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, मग अंधार का पडेना.

तेव्हा आम्ही त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण आज वाटते की शस्त्र आणि मूल यांना एका जागी ठेवायचे असेल तर हीच रीत. हत्यार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, त्याचा हिशेब, आणि हिशेबाला एक माणूस जबाबदार. इतक्या वर्षांत एनसीसीच्या कोतींनी कॉलेजांत जेवढ्या बंदुका ठेवल्या, तेवढ्या कोणी लपवून आणल्या नसतील.

आपल्या बुलडाण्याचा प्रथमेश जावकर याच वाटेने गेला, फक्त त्याच्या हातात धनुष्य. २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात त्याने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला एका गुणाने हरवले, १४९ विरुद्ध १४८. त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत सांघिक सुवर्ण. कंपाउंड धनुष्य पाहिले आहे का तुम्ही? चाके, दोऱ्या, दुर्बिणीसारखी काच. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते सायकल मोडून केल्यासारखे वाटले. १८७८ च्या यादीतली ही वस्तू, तिच्यामुळे आता आमच्या गावाचे नाव जगात होते. तिथेही तीच शिस्त, सगळे बाण सोडून झाल्याखेरीज आणि शिट्टी झाल्याखेरीज रेषेपुढे पाऊल टाकायचे नाही.

मग मुलांची काळजी कायद्यात शिरली केव्हा? माझ्या वाचनात पहिली स्पष्ट खूण १९८३ ची. १९५९ च्या कायद्यात बंदूक बाळगायला किमान वय १६ होते. १९८३ च्या दुरुस्तीने ते २१ केले. दहावी-बारावीच्या मुलाच्या हाती बंदूक नको, हे सरकारला इतक्या उशिरा सुचले.

बाहेर जगात तोवर भयंकर गोष्टी घडू लागल्या होत्या. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनला १३ मार्च १९९६ ला एका माणसाने शाळेत शिरून १६ चिमुकली मुले आणि त्यांची शिक्षिका मारली. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनने जवळजवळ सगळी पिस्तुले बंद केली. ज्या ब्रिटनने आपल्या तिरकमठ्यालाही परवाना लावला होता, त्याला आपल्या घरची पिस्तुले बंद करायला १९९७ साल उजाडावे लागले. अमेरिकेने १९९० मध्येच शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नको असा कायदा केला होता. टेक्सासमधल्या एका बारावीच्या मुलाने १९९२ साली शाळेत रिव्हॉल्व्हर आणले, खटला वर गेला आणि १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदाच रद्द केला. कारण काय, तर व्यापाराचे नियमन करण्याच्या केंद्राच्या अधिकारात शाळेच्या आवारातली बंदूक बसत नाही! मग १९९६ ला शब्द बदलून तोच कायदा पुन्हा केला. पोरांच्या जिवाचा प्रश्न व्यापाराच्या कलमातून सोडवायचा, हे मला तरी कळले नाही. तिकडच्या नातेवाइकांना कळले असेल तर प्रतिक्रियेत लिहा.

आपण फार टेंभा मिरवावा असेही नाही. २००७ च्या डिसेंबरात गुडगावच्या एका शाळेत दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या, पिस्तूल घरातले. २०१२ च्या फेब्रुवारीत चेन्नईत नववीच्या मुलाने वर्गातच शिक्षिकेला भोसकले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये उदयपूरला दहावीच्या मुलाने सोबत्यावर चाकू चालवला, त्यात तो मुलगा गेला आणि शहर पेटले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबादला आठवीच्या मुलाने दहावीच्या मुलाला मारले. उदयपूरनंतर राजस्थानच्या शिक्षण खात्याने हुकूम काढला की शाळेत चाकू, कात्री, कोणतीही धारदार वस्तू आणायची नाही आणि दप्तरे तपासा.

कात्री! मग कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठा काय दाताने कापायचा? हुकूम काढणाऱ्याचा हेतू वाईट नाही, त्याची झोप उडाली असणार. पण रोज चाळीस दप्तरे उलटी करणारा शिक्षक मुलांकडे त्याच नजरेने पाहू लागतो, ज्या नजरेने रिस्लेसाहेब पाहत होते. उदयपूरच्या त्या दोन मुलांत आधीपासून कुरबूर होती म्हणतात. कुरबूर दप्तरात दिसत नाही. ती मधल्या सुट्टीत नळावर दिसते, आणि त्या वेळी नळावर उभा राहायला शिक्षक मोकळा असावा लागतो. तो असतो माहिती भरत, जनगणनेला, निवडणुकीच्या यादीला.

आता शाळेतल्या एका हत्याराविषयी लिहायचे राहिले. शाळेत रोजच्या रोज वापरात असलेले खरे हत्यार एकच होते आणि ते मास्तरांच्या हातात असे. निरगुडीची फोक, वेत, कुठे आखणीची रूळ. 'छडी लागे छमछम' हे आपण कौतुकाने म्हणत आलो. शस्त्र कायद्याने ती साधी काठी म्हणून सोडली, पालकांनी 'मारा, पण शिकवा' म्हणून सोडली. तिला शाळेबाहेर काढले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, कलम १७. अंमल १ एप्रिल २०१० पासून. मुलाला शारीरिक शिक्षा नको आणि मानसिक छळही नको. १८७८ पासून मोजले तर १३२ वर्षे. माझे कितीतरी जुने सहकारी या कलमावर अजून रागावलेले आहेत. पोरे डोक्यावर बसली म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या शिक्षकाला छडीशिवाय वर्ग सांभाळता येत नव्हता, त्याला छडीनेही येत नव्हता, फक्त आवाज कमी होत असे.

आणि नेमक्या याच काळात दुसरीकडे उलटा प्रवाह सुरू झाला. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत अतिरेक्यांनी १३० हून अधिक मुले मारली, तेव्हा तिथल्या प्रांत सरकारने शिक्षकांना परवान्याचे पिस्तूल शाळेत आणायला मोकळीक दिली. पोलिसांनी शिक्षिकांना गोळी झाडायला शिकवले. अमेरिकेत नॅशव्हिलच्या शाळेत मार्च २०२३ मध्ये तीन मुले आणि तीन मोठी माणसे मारली गेली. एका वर्षाने, एप्रिल २०२४ मध्ये, त्या टेनेसी राज्याने शिक्षकांना शाळेत पिस्तूल बाळगायची वाट कायद्याने खुली केली. कोणत्या शिक्षकाजवळ आहे हे पालकांना सांगायचे नाही, हेही त्यातच आहे. पुतणीचे राज्य वेगळे आहे, तिच्याकडे हा नियम नाही. मी तिला विचारून घेतले.